ट्रेनिंग पुण्यात की सांगलीत?

आर्किटेक्चरचं ट्रेनिंगचं सेमिस्टर मी पुण्यातल्या मोठ्या ऑफिसात काढलं, पहिली नोकरी सांगलीत केली. ज्यांना घरं बांधायची आहेत, त्यांना मी सांगलीच सुचवेन.

पुण्यात सॉफ्टवेअरवर हात बसला, ड्रॉइंगला शिस्त लागली. पण जिने आणि टॉयलेटचे डिटेल्स सोडून फारसं काही वाट्याला आलं नाही.

सांगलीत पगार कमी. मात्र पहिल्याच आठवड्यात गावभाग या जुन्या वस्तीतल्या एका घराच्या जोत्याची उंची ठरवायला बसले. कॉलेजात मी कृष्णाकाठचं वाचनालय डिझाइन केलं होतं, पायऱ्या थेट घाटावर उतरणाऱ्या. ज्युरीला, म्हणजे परीक्षकांना, आवडलं, पण पूररेषा मी नकाशावर दाखवलीच नव्हती! कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलेलं. घरच्या काकूंनी भिंतीवरची पुराची रेघ दाखवली, तेव्हा माझं वाचनालय डोळ्यांसमोर बुडालं. विजेचा मीटर, देवघर, धान्याची खोली, सगळं आम्ही त्या रेघेवरून ठरवलं.

स्लॅबच्या सळईखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे टेकूचे छोटे ठोकळे, का हवेत, तेही तिथल्या मिस्त्रीकाकांनीच शिकवलं: सळई सेंट्रिंगला, म्हणजे स्लॅब ओतायच्या साच्याला, टेकली की पुढे गंजते, स्लॅबचे पोपडे सुटतात.