बंगल्याला बाहेरून रंग: मजुरीवर, मालासकट की कंपनीकडून?

बाहेरच्या रंगाची तीन कोटेशनं समोर असतील तर आधी रंगाचं नाव बाजूला ठेवा. अल्टिमा की वेदरकोट हा वाद नंतरचा. भिंत कोण घासणार, भेगा कोण भरणार आणि दोन पावसाळ्यांनी पोपडे आले तर फोन कोण उचलणार, हे आधी बघायचं.

मजुरीवर काम दिलं की माल तुम्ही आणता आणि पेंटर चौरस फुटाप्रमाणे मजुरी घेतो. हे सहसा सगळ्यात स्वस्त पडतं आणि डबे तुमच्यासमोर उघडतात. मात्र दुकानाच्या फेऱ्या तुमच्या आणि "साहेब, अजून एक दहा लिटर लागेल" हेही तुमच्याच पदरात. डब्यांवर पेंटरसाठी टोकन किंवा पॉइंट असतात, त्यामुळे माल थोडा सैल हातानं सांगितला जातो. म्हणून हिशोब आपणच करावा. चांगलं इमल्शन (पाण्यात कालवायचा रंग) दोन हातांना लिटरमागे साधारण ५० ते ६० चौरस फूट जातं. म्हणजे २,००० चौरस फूट भिंतीला ३५ ते ४० लिटर, वीस लिटरच्या दोन बादल्या. खरबरीत सँडफेस प्लास्टर जास्त पितं, पण गुळगुळीत भिंतीला कोणी तिसरी बादली सांगितली तर कारण विचारा.

मालासकट ठेक्यात गणित उलटं होतं. इथे ठेकेदाराचा फायदा माल वाचवण्यात असतो. रंगात पाणी वाढतं, प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) 'आतून मारलाय' असं ऐकायला मिळतं. त्यामुळे कोटेशनमध्ये कंपनीबरोबर रंगाचा नेमका प्रकारही हवा. एकाच कंपनीत एस, एपेक्स, अल्टिमा असे वेगवेगळे दर्जे असतात. 'एशियनचा रंग, दोन कोट' एवढ्याला कोटेशन म्हणत नाहीत. खिडक्या मापातून वजा होणार का आणि परांचीचा खर्च कोणाचा, हेही त्याच कागदावर.

रंग बनवणाऱ्या कंपनीच्याच रंगकाम सेवेत लेझरनं माप, मशीननं घासकाम आणि लेखी वॉरंटी मिळते. दर चढा असतो. वॉरंटीची अपवादांची ओळ मात्र वाचाच: गच्चीतून मुरणारी ओल आणि बांधकामाच्या भेगा सहसा त्यात धरत नाहीत, आणि आपल्याकडे रंग उखडतो तो बहुतेक याच दोन कारणांनी.

माझं मत विचाराल तर घरी दिवसभर लक्ष ठेवणारं कोणी असेल तर मजुरीवर द्या. दोघंही नोकरीला जात असाल तर मालासकट, पण सगळं लिहून. घर नाशकात आणि तुम्ही पुण्यात असाल, किंवा तीन मजल्यांवर झुला लावून काम असेल, तरच कंपनीचे जादा पैसे मला पटतात.

तिन्हींत फरक पडतो तो घासकामानं. पश्चिमेच्या भिंतीवर तळहात फिरवून बघा. पाऊस झोडपतो तो बहुधा याच बाजूनं, आणि दुपारचं ऊनही हिलाच. हाताला पांढरी भुकटी लागली तर जुना सिमेंट पेंट सुटलाय. त्यावर कितीही महाग इमल्शन मारा, भुकटीसकट निघून येईल. तिथे तारेचा ब्रश, पाण्यानं धुणं, पूर्ण वाळवणं, मग प्रायमर. छज्ज्याखालच्या केसाएवढ्या भेगा नुसत्या पुट्टीनं बुजवल्या तर दिवसा तापून रात्री गार होणाऱ्या भिंतीत त्या परत उघडतात. लवचिक क्रॅक फिलर मागा. नवीन प्लास्टर असेल तर किमान २८ दिवस थांबा.

दिवाळीआधीची घाई मी टाळेन. ऑक्टोबरच्या सुरुवातीला भिंतीत ओल असते आणि चांगले पेंटर मिळत नाहीत. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम, फक्त थंडीत दव उडाल्यावर ब्रश उचलायचा. मे महिन्यात ऊन टाळून, सावली असेल त्या भिंतीवर काम करणारा पेंटर जाणकार समजा.

गुहागर-दापोलीकडे गावचं घर असेल तर हा सगळा हिशोब तिथे जसाच्या तसा नेऊ नका. नाशिक शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिकडे ३,००० च्या वर. शिवाय खारा वारा. भिंतीवरचा क्षार गोड्या पाण्यानं धुतल्याशिवाय रंग धरत नाही, बुरशीनाशक धुणं वगळता येत नाही आणि उघड्या जांभ्याच्या भिंतीवर जाड थराचा रंग चढवला तर आतली ओल कोंडते. नाशिकची टोळी तिकडे न्यायची तर राहण्या-जेवणाचा खर्चही तुमचा. तिथला पेंटर घ्या, डिसेंबर ते एप्रिलमध्ये काम उरका, आणि ग्रिल-गेटचा दर वेगळा विचारा: गंज खरवडून झिंकचा प्रायमर मारणं हे भिंतीच्या दरात कोणी करून देत नाही.