एफबीए: गोदाम त्यांचं, सेंटिमीटर आपले

अ‍ॅमेझॉनची ‘फुलफिलमेंट बाय अ‍ॅमेझॉन’ ही सेवा, म्हणजेच एफबीए, २००६ मध्ये सुरू झाली. विक्रेत्याने माल त्यांच्या गोदामात पोचवायचा. ऑर्डर आली की माल उचलणं, पॅकिंग, पाठवणी, ग्राहकाच्या तक्रारी आणि रिटर्न हे सगळं तेच बघतात. वेग आणि प्राइमची खूण (प्राइम सदस्यांना जलद पोच मिळेल असं दाखवणारी) यांबद्दल वेगळं सांगायला नको, तिथे सेवा चोख आहे. पाठवणीला पाचपैकी साडेचार गुण द्यायला हरकत नाही. खर्चाचा अंदाज आधी येण्याच्या बाबतीत मात्र तीनच.

कमिशन वेगळं, ते माल कुठूनही पाठवला तरी लागतं. एफबीएची फी त्यावर चढते: दर नगामागे पाठवणी, महिन्याला साठवणूक, आणि माल पडून राहिला, परत मागवला किंवा नष्ट करायला सांगितला तर त्याचं निराळं. यात सगळ्यात जास्त फरक पाडते ती नगामागची फी, आणि ती ठरते मापावर.

बहुतेक आकारगटांत प्रत्यक्ष वजन आणि घनफळावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त, ते धरलं जातं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं, की किलो मिळतात. उदाहरणार्थ, ६०० ग्रॅमची वस्तू ३० × २० × १२ सेंमीच्या खोक्यात घातली, तर ७२०० भागिले ५००० म्हणजे १.४४ किलो. आतला बबल रॅप कमी करून खोका २८ × १८ × ९ सेंमीवर आणला, तर ४५३६ भागिले ५००० म्हणजे ०.९१ किलो. वस्तू तीच, पण फी अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी वाढत असेल तर वरचा एक टप्पा सुटतो. पुरवठादाराशी किमतीवरून घासाघीस करण्याआधी खोक्याचं माप बदलून घेणं बरेचदा जास्त पैसे वाचवतं. वस्तू उभी ठेवायची की आडवी, हँडल सुटं करून पाठवता येईल का, असे प्रश्न नमुना येतो तेव्हाच विचारायचे. छापील खोके पाच हजार आले की वेळ गेलेली असते.

गोदामात यंत्र माप घेतं आणि तेच माप फीला लागू होतं. इथे घोळ होतो. मऊ पिशवी फुगलेली असली, पट्टा बाहेर लोंबत असला किंवा खोक्याचं झाकण उचललेलं असलं, की एखाद-दोन सेंटिमीटर वाढतात आणि नग वरच्या गटात जातो. त्यामुळे नवा माल दाखल झाला की पहिल्या आठवड्यातच फी प्रिव्ह्यू अहवालातलं (कोणत्या नगाला किती फी लागेल हे दाखवणाऱ्या अहवालातलं) माप आपल्या मापाशी ताडून बघावं. तफावत असेल तर पुन्हा मोजण्याची मागणी करता येते. तीन बाजूंना पट्टी लावलेले फोटो हाताशी ठेवले, तर बोलणं लवकर संपतं.

साठवणुकीचं भाडं रोजच्या सरासरी घनफळावर आकारलं जातं. एक घनफूट म्हणजे सुमारे २८,३१७ घन सेंमी. वरच्या उदाहरणातले मोठे खोके घनफुटात चारही बसत नाहीत, लहान सहा बसतात. अमेरिकेत ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात साध्या आकाराच्या मालाचं भाडं एरवीच्या सुमारे तिप्पट असतं, म्हणून सणासुदीचा म्हणून भरलेला पण न खपलेला माल दुहेरी मारतो. गोदामात सहा ते आठ आठवड्यांपुरता माल ठेवावा आणि बाकीचा आपल्याकडे किंवा स्वस्त गोदामात ठेवून थोडाथोडा पाठवावा. फार कमी ठेवूनही चालत नाही. माल संपला की लिस्टिंग, म्हणजे वस्तूचं विक्रीचं पान, शोधात खाली घसरतं आणि ते वर आणायला पुन्हा जाहिरातीचा खर्च येतो.

तयारीच्या चुका किरकोळ वाटतात, पण महाग पडतात. एफएनएसकेयूचं, म्हणजे अ‍ॅमेझॉनने आपल्या मालाला दिलेल्या ओळख-बारकोडचं, लेबल लावल्यावर मूळ बारकोड उघडा राहिला, की स्कॅनर कधी हा वाचतो, कधी तो, आणि माल भलत्याच खात्यात जमा होतो. मूळ बारकोड पूर्ण झाकायचा. लेबल कडेवर, वळणावर किंवा पिशवीच्या शिवणीवर लावायचं नाही. प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड ५ इंच किंवा त्याहून मोठं असेल, तर त्यावर गुदमरण्याचा इशारा छापलेला हवा. नाजूक माल ३ फुटांवरून कठीण फरशीवर टाकून बघायचा: तळ, वरची बाजू, सगळ्यात लांब बाजू, सगळ्यात आखूड बाजू आणि एक कोपरा. पाचही वेळा शाबूत राहिला, तरच पाठवायचा. हे सुटलं तर गोदाम स्वतः तयारी करून नगामागे पैसे लावायचं; अमेरिकेत ही सोय २०२६ पासून बंद झाली आहे.

आता रिटर्न. विक्री किंमत १०० धरू. खरेदी ३५, पाठवणी फी २२, कमिशन १५, जाहिरात १०, गोदामापर्यंतची वाहतूक ४, साठवणूक २. उरतात १२. शंभर ऑर्डरींमागे १२०० मिळायला हवेत. पण १० नग परत आले, तर ९० नगांचे १०८०. परत आलेल्या प्रत्येकी पाठवणीचे २२ आणि जाहिरातीचे १० बुडतात, आणि कमिशन परत मिळताना त्यातला २० टक्के वाटा, म्हणजे ३, कापून घेतला जातो, एकूण ३५०. दहापैकी पाच विकण्याजोगे राहिले नाहीत, तर त्यांची खरेदी, वाहतूक आणि साठवणूक मिळून २०५ आणखी. हातात राहतात ५२५. परत आलेला नग हाताळण्याची वेगळी फी यात धरलेलीच नाही. अ‍ॅमेझॉनचं कॅल्क्युलेटर चांगलं आहे, पण रिटर्न आणि जाहिरात ते आपणहून धरत नाही. ते दोन आकडे आपणच कागदावर मांडायचे.

म्हणून कपडे-पादत्राणांसारखा, मापावरून परत येणारा माल या सेवेत घालताना दहा वेळा विचार करावा. लहान, घट्ट, सारखा खपणारा आणि क्वचितच परत येणारा माल असेल, तर एफबीएला तोड नाही. अवजड, स्वस्त आणि हळू खपणारा माल स्वतःच पाठवावा. एकाच खात्यात दोन्ही पद्धती चालतात, आणि तीन नगांचा संच करून विकला की पाठवणीची फी तीनदा भरावी लागत नाही. संचाला वेगळं लिस्टिंग, वेगळा बारकोड आणि ‘हा संच आहे, सुटा करू नये’ असा शिक्का लागतो. तो विसरला, तर गोदामात तीन सुटे नग होतात.