दोन बाजूंना दाते असलेलं मागचं चाक: हिवाळा-उन्हाळा वापरल्यानंतर

टूलूझला राहते, पिरेनीजचे घाट सुट्टीच्या दिवशी गाठता येतात. १९१० च्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचं वेड, तेव्हा असंच चाक वापरत, म्हणून ही सायकल मुद्दाम घेतली. गिअर नाहीत. मागच्या हबला एका बाजूला १६ दात्यांचं फ्रीव्हील (पायडल थांबलं तरी चाक फिरू देणारं दातेरी चक्र), दुसऱ्या बाजूला चढासाठी हलकं पडणारं २० चं, पुढे पायडलपाशी ४२. चढ आला की उतरायचं, १५ च्या पान्याने दोन्ही नट ढिले करायचे, चाक काढून उलटं बसवायचं, चेनचा ताण बघायचा आणि निघायचं.

शहरात १६ वर मस्त पळते, कुरकुर नाही. सोबत आलेले नट मात्र मऊ निघाले, कडा झिजल्या. चांगले पोलादी टाकून घेतले. दुसरं म्हणजे, चार दाते वाढले की चाक साधारण १३ मिलिमीटर पुढे सरकतं, त्यामुळे ब्रेकचं रबर रिमवर वेगळ्या जागी बसतं. दोन्ही बाजू तपासूनच ते आवळा, नाहीतर टायरला घासतं.

खरा कस पिरेनीजमधल्या तूरमाले घाटावर लागला. सेंत-मारी-द-कांपांपासून वर १७ किलोमीटर, माथा २,११५ मीटरवर. वाटेतल्या ला मोंजी गावानंतर २० वरसुद्धा पाय फिरेनात, मी ढकलत चालले. २१ जुलै १९१० ला लुशोंहून बायोनपर्यंतच्या ३२६ किलोमीटरच्या टप्प्यात शर्यतपटू ऑक्ताव लापीझही इथे काही अंतर चालतच गेला होता. पुढे ओबिस्क घाटावर त्याने आयोजकांना ‘खुनी’ म्हटलं, तरी टप्पा जिंकला आणि अखेर ६३ विरुद्ध ६७ गुणांनी (तेव्हा कमी गुणवाला जिंके) प्रतिस्पर्धी फाबेरला मागे टाकून टूरही. पण मला त्याच शर्यतीतला गुस्ताव गारीगू मोठा वाटतो. तो तूरमालेवर एकदाही उतरला नाही, त्याबद्दल त्याला १०० फ्रँकचं बक्षीस मिळालं. न उतरता म्हणजे पायथ्याला निवडलेले दातेच माथ्यापर्यंत, हे या चाकामुळे मांड्यांना कळलं. टूरमध्ये डिरेलर (न उतरता चेन एका दात्यांवरून दुसऱ्यांवर नेणारं यंत्र) चालायला लागला तो थेट १९३७ साली!

थंडीत माथ्यावर बधिर बोटांनी नट फिरवणं जिवावर येतं. पातळ हातमोजे जवळ असूद्या, जाड्यांत पाना धरवत नाही.

रोजच्या वापरासाठी बिनधास्त घ्या. घाट करणार असाल तर २० ऐवजी २२ चं फ्रीव्हील मागा, फक्त चाकाचा आस बसतो ती फ्रेमची मागची खाच आडवी आणि निदान दोन सेंटीमीटर सरकू देणारी आहे ना, ते दुकानातच मोजून घ्या.