मॉली ग्रीस, सहा महिन्यांनंतर: कांद्याच्या पिकअपवर

पिंपळगाव बसवंत ते कसारा घाट, मालाची पिकअप, जून ते नोव्हेंबर. मागच्या पाट्यांपैकी उजव्या शॅकल पिनला (पाट्याचं टोक चासीला टांगणारी पिन) लिथियम बेसचं, मॉली (मॉलिब्डेनम डायसल्फाइडची काळी, निसरडी पूड) घातलेलं दोन नंबरचं (मध्यम घट्ट) काळं ग्रीस. डावीला नेहमीचं पिवळं कॅल्शियम. ग्रीस गन दोन्हीकडे दर २००० किलोमीटरला.

पाण्यात पिवळं हरलं नाही, हे आधीच सांगायला हवं. इगतपुरीच्या पावसातही निपलभोवतीची (ग्रीस भरायचं तोंड) त्याची कडा शाबूत होती. कॅल्शियम बेस पाण्याला मुळात दमदार. फरक पडला तो भारात. चौथ्या महिन्यापासून माल भरून गतिरोधक ओलांडला की डावीकडे कुरकुर, उजवीकडे काही नाही. पिन हळू आणि थोडीशीच हलते, तिथं तेलाचा थर धरत नाही. धातूला धातू लागायच्या वेळी मॉलीचे पापुद्रे मध्ये असतात.

झीज बघताना मात्र फसायला होतं. बाहेर आलेलं काळं ग्रीस बोटावर चोळलं की चमकतं. ते लोखंडच असेल असं नाही, मॉलीही तशीच चमकते. चमचाभर ग्रीस वाटीत डिझेलमध्ये कालवून खालून लोहचुंबक फिरवायचं. ओढला जातो तो पिनचा कीस. डावीकडच्या वाटीत त्याची मिशी उभी राहिली, उजवीकडच्या वाटीत जेमतेम रेघ.

कंपनीच्या माहितीपत्रकात फोर-बॉल चाचणीचा आकडा असतो: १२.७ मिमीच्या तीन गोळ्यांवर चौथी, ४० किलो भार, १२०० आरपीएम, ७५ अंश, एक तास. मग गोळ्यांवरचा चट्टा मोजतात. दोन डब्यांत निवड करायला ठीक. पण ती गोळी एकाच दिशेनं गरगरते, पिन डुलते.

प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे फिरणारा दांडा) क्रॉसला, म्हणजे सांध्यातल्या अधिकच्या आकाराच्या तुकड्याला, चारही कपांच्या सीलमधून नवं ग्रीस डोकावेपर्यंत दाबायचं. एखादा कप कोरडा राहिला तर शाफ्ट टॉमीनं (लोखंडी दांडी) त्या बाजूनं उचकून पुन्हा. कपाभोवती तांबडी भुकटी दिसली की क्रॉसवर कपातल्या सुयांचे (बारीक रोलर) वण पडलेच म्हणून समजा. मग क्रॉसच बदला. स्टिअरिंगच्या टाय रॉड एंडचा बूट (रबरी टोपी) किंचित फुगला की थांबायचं, नाहीतर तो फाटतो आणि चिखल आत.

जुनं ग्रीस क्ले बेसचं (मातीनं घट्ट केलेलं) असेल तर ते पूर्ण बाहेर ढकला. लिथियमशी मिसळलं की पातळ होऊन गळतं.

डब्यात उरलेलं चाकाच्या बेअरिंगला लावू नका. तिथं घाटात ब्रेकची धग पोचते, साध्या लिथियमचा ड्रॉप पॉइंट (ग्रीस वितळून ठिबकायला लागतं ते तापमान) १८०-१९० अंशांच्या आसपास. जास्त धग सोसणारं लिथियम कॉम्प्लेक्सच घ्या, बिनमॉलीचं.