डबा कंपनीचा, काडतुसं भलत्याचीच

लिहायला लाज वाटतेय कारण मी काही नवखा नाही, बरीच वर्षं शूटिंग करतोय, तरी फसलो. रेंजवर तोंडओळख असलेल्या एकाने रिव्हॉल्वरच्या ३८ स्पेशल काडतुसांचे दोन डबे दिले, शूटिंग सोडतोय, पडून आहेत, फॅक्टरीचाच माल आहे म्हणाला. डबा खरंच नावाजलेल्या कंपनीचा, म्हणून मी आत नीट बघितलंच नाही.

पहिली चार ठीक उडाली, म्हणजे एकीचा धक्का हाताला जरा जास्तच बसला पण म्हटलं असेल. पाचव्याला नुसतं फट्ट. धक्का नाही, टार्गेटवर भोक नाही. पिस्तुलात असं झालं की स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, बहुतेक वेळा मागे जात नाही आणि माणूस आपोआप थांबतो, रिव्हॉल्वरला ते काही नाही, ट्रिगर ओढला की सिलिंडर फिरून पुढचं काडतूस हजर. माझा ट्रिगर निम्मा ओढून झाला होता तेवढ्यात शेजारच्या लेनमधले काका जिवाच्या आकांताने ओरडले, थांब!

नळी टार्गेटकडेच धरून अर्धा मिनिट थांबलो, कारण कधी कधी काडतुसातली दारू उशिरा पेटते. मग सिलिंडर रिकामा करून पुढून लाकडी दांडी घातली तर अर्ध्यातच अडली. गोळी आत. केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचात, दारूच नव्हती, बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या एकट्या प्रायमरने गोळीला तिथवर ढकललं होतं, आणि मी तिच्या मागून सहावी मारणार होतो. नळी फुगली असती नाहीतर फुटली असती.

मग डबा टेबलावर उलटा केला. काडतुसांच्या बुडावर चार वेगवेगळ्या कंपन्यांचे शिक्के, काही प्रायमर पिवळे काही चंदेरी, दोन तर इतके वर आलेले की नख अडत होतं, एका केसच्या तोंडाशी बारीक चीर. वापरलेल्या केसेस घरी भरून कोणीतरी रिकाम्या डब्यात छान रचून ठेवल्या होत्या!

रीलोडिंग, म्हणजे अशा केसेस पुन्हा भरायचं काम, करणाऱ्या मित्राने त्यातली बारा पुलरने, गोळी उपसायच्या हत्याराने, उघडली. दोनमध्ये दारू कमी, एकात जवळजवळ डबल. तो म्हणाला ही केस १८९८ च्या सुमारास काळ्या दारूसाठी बनली म्हणून आतून ऐसपैस, आताची दारू लागते ३-४ ग्रेन म्हणजे पाव ग्रॅमच्या आसपास, तळाला चिमूटभर, दोनदा पडली तरी सांडत नाही आणि वर गोळी बसवली की विषय संपला. या काडतुसाला दाबाची कमाल मर्यादा १७,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) धरतात आणि दारू डबल झाली की दाब नुसता डबल होऊन थांबत नाही. मी म्हटलं वजन करून वेगळी काढू, तर हसला, केसेसच निरनिराळ्या कंपन्यांच्या असल्या की त्यांच्या वजनातच तेवढा फरक असतो. रीलोडिंगला माझा विरोध नाही हं, हाच मित्र वर्षानुवर्षं स्वतःची वापरतो. पण कोणाला देत नाही आणि कोणाची घेत नाही.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे मलाही कोणाकडून तरी असेच मिळाले होते. बरं, खरं मानलं तरी भरली कोणी, कुठली दारू, केसेस कितव्यांदा वापरल्या, कोण सांगणार? आणि बंदूक फुटली तर कंपनी हात वर करते, रीलोड वापरू नका असं बहुतेक मॅन्युअलमध्ये छापलेलंच असतं.

उरलेली रेंजवर जमा केली. याच माणसाकडून अजून दोघांनी डबे घेतलेत, एकाला सांगून झालं, दुसऱ्याचा नंबर शोधतोय.