टेदर की हॉल थ्रस्टर? छोट्या उपग्रहाचा निर्णय घेताना

पृथ्वीच्या खालच्या कक्षेतल्या छोट्या उपग्रहाची उंची राखायची आणि काम संपलं की त्याला खाली आणायचं, यासाठी आम्ही दोन्ही पर्याय बराच काळ तोलत होतो. टेदरची, म्हणजे उपग्रहातून बाहेर सोडलेल्या लांब वीजवाहक तारेची कल्पना मला आजही जास्त देखणी वाटते. उपग्रहावर बसला मात्र हॉल थ्रस्टर, म्हणजे वायूचे विद्युतभारित कण विजेच्या जोरावर मागे फेकून धक्का देणारं छोटं इंजिन.

कागदावर टेदरला तोड नाही. सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कापणाऱ्या तारेत किलोमीटरमागे दीड-दोनशे व्होल्ट सहज तयार होतात. वीज काढून घ्या, चुंबकीय क्षेत्र तारेला मागे ढकलतं आणि उपग्रह खाली येतो. सौर पॅनलची वीज उलट्या दिशेने सोडा, तो वर चढतो. इंधन लागतच नाही. (ही वीज फुकट नसते, कक्षेतल्या ऊर्जेतून वळती होते, हे उत्साहाच्या भरात अनेकदा सांगायचं राहतं.) १९९६ मध्ये कोलंबिया शटलवरून सोडलेल्या टीएसएस-१आर या टेदरने सुमारे ३,५०० व्होल्ट दाखवले. पुढे आवरणातून ठिणगी पडून ती १९.७ किलोमीटरवर तुटली, पण तत्त्व सिद्ध झालं होतं.

थ्रस्टरच्या तक्रारी ठाऊक आहेतच: इंधन म्हणून लागणारा महाग झेनॉन वायू, दाबाखालची टाकी आणि त्या टाकीपायी सुरक्षेची न संपणारी कागदपत्रं. शिवाय शेवटच्या उतरणीसाठी इंधन राखून ठेवायचं आणि तोवर उपग्रह जिवंत राहील अशी आशा धरायची.

एवढं असूनही माझं पारडं फिरलं ते टेदर गुंडाळलेल्या रिळामुळे. टेदर उलगडते कशी, हे जमिनीवर खऱ्या अर्थाने तपासताच येत नाही. दोन टोकांमधला ताण अंतराच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सुरुवातीला तो जवळजवळ नसतोच. तारेच्या टोकाचं १० किलोचं वजन मुख्य उपग्रहापासून १० मीटरवर असेल, तर ओढ अर्धा मिलिन्यूटनही भरत नाही. आमच्या चाचण्यांत तार आडवी ओढली की सुरेख सुटायची, कारण ओढणारे आम्हीच होतो. हात सैल सोडला की ती रिळावरचा बाक आठवून पुन्हा वेटोळी व्हायची. थ्रस्टर मात्र निर्वात कक्षात ठेवून चालवता येतो, बंद करता येतो, पुन्हा चालवता येतो. रात्री झोप लागते ती यामुळे.

ही भीती माझी एकट्याची नाही. टीएसएस-१आरच्या आधीची पहिली टीएसएस टेदर १९९२ मध्ये पाव किलोमीटरच्या आसपासच अडकली. जपानच्या एचटीव्ही-६ या मालवाहू यानावरची ७०० मीटरची टेदर २०१७ मध्ये बाहेरच आली नाही. उलट उदाहरणही आहे: अमेरिकी नौदलाच्या टेप्स या छोट्या उपग्रहाने २०१९ मध्ये एक किलोमीटरची टेदर सोडून दाखवली.

आणखी एक गोष्ट कक्षेच्या कलाची, म्हणजे ती विषुववृत्ताशी किती तिरकी आहे याची. ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत तार, प्रवासाची दिशा आणि चुंबकीय क्षेत्र यांचे कोन सोयीचे राहत नाहीत, जोर बराच घटतो. आणि पृथ्वी-निरीक्षणाचे बहुतेक उपग्रह तिथेच असतात.

तुमची कक्षा विषुववृत्ताच्या जवळची असेल, मोहीम लांबलचक असेल आणि उलगडणं फसलं तरी मुख्य काम अडत नसेल, तर टेदरचा विचार जरूर करा. मीही केला असता. यातली एक अट जरी सुटत असेल, तर मला वाटतं टाकीची कागदपत्रं भरायला घ्यावीत.