गुडघा बदलल्यावर तालुक्याच्या गावात व्यायाम कोण करून घेणार?

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुण्यात झालं. आम्ही तिला तालुक्याच्या गावी आणलं तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर एवढंच होतं: फिजिओथेरपी चालू ठेवा. कोणाकडून, ते आपलं आपण बघायचं. चौकशीत तीन नावं पुढं आली: घरी येणाऱ्या फिजिओ, स्टँडजवळच्या क्लिनिकमधला असिस्टंट आणि रुग्ण सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून मिळणारी मावशी.

फिजिओ म्हणजे बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी झालेला माणूस. महाराष्ट्रात 2002 च्या कायद्यानं त्यांच्या नोंदणीसाठी परिषद आली, त्यामुळे नोंदणी क्रमांक बिनधास्त विचारा. रुग्ण तपासणं आणि कुठला व्यायाम किती नि कधी वाढवायचा हे ठरवणं त्यांचं काम. आमच्याकडे आलेल्या बाईंनी आधी वॉकरच हातात घेतला. आईला उभं करून हात सैल सोडायला लावले आणि दांडी मनगटाच्या रेषेत येईपर्यंत वॉकरचे पाय कमी केले. मग गुडघ्याखालची उशी काढली. आम्ही किती प्रेमानं ठेवली होती! पण पाय तसाच वाकलेला राहिला तर गुडघा पुढं पूर्ण सरळ होत नाही. दहा मिनिटांत दोन चुका निघाल्या. अडचण एकच, बाई जिल्ह्याच्या गावाहून यायच्या. आठवड्यातून एक खेप, तीही महाग.

असिस्टंट हा अमेरिकेत रीतसर पेशा आहे. साधारण 2 वर्षांचा कोर्स, परीक्षा, लायसन्स. फिजिओनं आखून दिलेलं तो करून घेतो. पहिली तपासणी आणि उपचार ठरवणं त्याच्याकडे नसतं. आपल्याकडच्या छोट्या क्लिनिकात असिस्टंट म्हणजे बऱ्याचदा बघून बघून शिकलेला मुलगा. आम्ही गेलो तिथला मुलगा गोड होता, आईला बोलतं ठेवून टाच सरकवायला लावायचा. पण एक दिवस त्यानं अंदाजानं जोर देऊन गुडघा वाकवला आणि आई रात्रभर कण्हत होती. आजचं कोणी ठरवलं, हे विचारायला हवं होतं. आम्ही विचारलं नाही.

मावशी उठवते, बाथरूमला नेते, दिवसातून तीनदा व्यायामाला बसवते. खरा फरक या रोजच्या करण्यानं पडतो. तिला नेमकं दाखवून मात्र द्यावं लागतं. पक्षाघाताचा रुग्ण असेल तर जास्तच, कारण लुळ्या हाताला धरून ओढलं की खांदा दुखावतो.

मालिशवाला सुचवणारे शेजारी भेटतीलच. ताज्या ऑपरेशनच्या पायाला नको. पोटरी सुजून दुखत असेल तर रक्ताची गाठ असू शकते. चोळू नका, थेट डॉक्टर गाठा.

माझं मत: गुडघ्यासाठी आठवड्याला फिजिओ आणि रोज मावशी. पक्षाघातात सुरुवातीचे महिने फिजिओच्या खेपा कमी करू नका, पैसे दुसरीकडे वाचवा. नुसता खांदा आखडला असेल तर क्लिनिक पुरे, फक्त तिथं फिजिओ स्वतः हजर हवा. आणि हे सगळं करण्याआधी उपजिल्हा रुग्णालयात फिजिओ बसतात का ते विचारून या. आम्हाला हे महिनाभरानं सुचलं.

मावशीच्या लक्षात राहावं म्हणून बाईंनी जिन्याच्या भिंतीवर खडूनं लिहिलं होतं: चढताना चांगला पाय, उतरताना दुखरा. आई आता एकटी चढते, तरी ते पुसू देत नाही.